दोन तासांचा धंदा आणि नऊ तासांचा प्रवास

१ जुलै २०२५ रोजी मुंबईहून मँचेस्टरला आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमला इंडिगोची विमाने रवाना झाली. दिल्ली-पाटणा, मुंबई-नागपूर अशा दोन-अडीच तासांच्या फेऱ्यांवर मोठी झालेली ही कंपनी युरोपच्या पश्चिम टोकाला पोहोचली, याचे त्या आठवड्यात सर्वत्र कौतुक झाले. त्या गडबडीत एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही बोइंग ७८७ विमाने इंडिगोची नव्हती. ती नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिक या कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती आणि ती चालविणारे वैमानिकही नॉर्सचेच होते. नॉर्सचा ताफा उभा राहिला तो मुख्यत्वे नॉर्वेजियन या आणखी एका कंपनीने सोडून दिलेल्या विमानांवर. स्वस्त तिकिटात खंडपार प्रवास घडविण्याचा युरोपातील सर्वांत मोठा प्रयोग नॉर्वेजियनने २०१३ मध्ये सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमचा गुंडाळला. म्हणजे ज्या विमानांवर एक प्रयोग फसला, त्याच जातकुळीच्या विमानांवर दुसरा सुरू झाला आहे.

हा प्रयोग निराळा ठरेल काय, याचे उत्तर तिकिटाच्या दरात शोधण्याची सवय आपल्याला लागली आहे. इंडिगो म्हणजे स्वस्त, असे समीकरण वीस वर्षांत रूढ झाले आहे. परंतु लांब पल्ल्यावर स्वस्ताई टिकत नाही, हे या व्यवसायाच्या इतिहासाने वारंवार दाखविले आहे.

फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकाने सप्टेंबर १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली. तिकिटे निम्म्या दरात आणि खाणेपिणे ज्याच्या त्याच्या खर्चाने. लोकांनी रांगा लावल्या. बड्या कंपन्यांनी दर उतरविले आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकरचा कारभार आटोपला. एअरएशिया एक्सने क्वालालंपूरहून लंडन आणि पॅरिस गाठले; २०१२ मध्ये दोन्ही मार्ग बंद केले. आइसलँडची वॉव एअर मार्च २०१९ मध्ये बुडाली. यातील प्रत्येकाची कहाणी वेगळी असली, तरी दुखणे एकच होते.

हे दुखणे समजण्यासाठी कमी अंतराच्या स्वस्त सेवेचे गणित पाहावे लागते. एअरबस ए-३२० विमान जमिनीवर उतरल्यावर अर्ध्या तासात पुन्हा आकाशात गेले पाहिजे, हा त्या गणिताचा गाभा. दिवसाकाठी सहा फेऱ्या होत असतील, तर प्रत्येक फेरीत वाचलेली वीस मिनिटे मिळून दोन तास हाती लागतात आणि त्यात आणखी एक फेरी बसते. प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक फेरी जास्त, हाच नफा. याशिवाय एकाच जातीची विमाने असल्याने वैमानिक, सुटे भाग, देखभाल सारे एकसाची. रात्री कर्मचारी आपापल्या गावी परततात, हॉटेलचा खर्च नाही. प्रवासी दोन तास उपाशी बसू शकतो आणि गुडघे अखडले तरी तक्रार करीत नाही.

नऊ तासांच्या प्रवासात यातील जवळजवळ एकही फायदा शिल्लक राहत नाही. दिवसात जाऊन-येऊन एकच फेरी होत असेल, तर जमिनीवरील वीस मिनिटे वाचवून काय साधणार? लांब पल्ल्याची विमाने तशीही दिवसाचे चौदा-पंधरा तास उडतच असतात, मग ती कितीही महागड्या कंपनीची असोत. एकूण खर्चात इंधनाचा वाटा वाढतो आणि इंधनाचा भाव सर्वांना सारखाच. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असल्याने जादा वैमानिक बरोबर न्यावे लागतात, परगावी त्यांचा मुक्काम पडतो. प्रवाशाला जेवण हवे, सामान हवे, पाय पसरायला जागा हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रस्थापित कंपन्या पुढच्या दालनातील मूठभर बिझनेस क्लास प्रवाशांकडून एवढी कमाई करतात, की मागची आसने त्या प्रसंगी स्वस्त कंपनीच्याच दराने विकू शकतात. लेकरचा घात याच गोष्टीने केला.

इंडिगोला हे ठाऊक नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतलेले पीटर एल्बर्स हे त्याआधी केएलएमचे, म्हणजे जगातील सर्वांत जुन्या विमान कंपन्यांपैकी एकीचे, प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत जे निर्णय झाले ते ओळीने मांडले, तर स्वस्त सेवेचा मूळ साचा एकेक वीट काढून उतरविला जात असल्याचे दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ या नावाने बिझनेस क्लास आला. नियमित प्रवाशांना गुण देणारी ‘ब्लूचिप’ योजना आली. मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानांत गरम जेवण तिकिटातच समाविष्ट झाले. एप्रिल २०२४ मध्ये ३० रुंद आकाराच्या ए-३५०-९०० विमानांची मागणी नोंदविली गेली आणि पुढच्याच वर्षी ती दुप्पट, म्हणजे ६० करण्यात आली. ज्या कंपनीने २००५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच घराण्याच्या १०० विमानांची मागणी नोंदवून जगाला चकित केले, २०२३ मध्ये त्याच घराण्याच्या ५०० विमानांचा विक्रम केला, तीच कंपनी आता दोन-तीन प्रकारची विमाने, दोन प्रकारची आसने आणि तीन प्रकारचे प्रवासी सांभाळू पाहते आहे. ‘आम्ही पूर्ण सेवा देणारी कंपनी झालो’ असे इंडिगो म्हणत नाही. पण वाटचाल त्याच दिशेने आहे.

मग यात इंडिगोचे बलस्थान कोणते? ते विमानात नाही, जाळ्यात आहे. देशांतर्गत दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक प्रवासी २०२५ मध्ये एकट्या इंडिगोने नेले. चारशेहून अधिक विमाने आणि नव्वदच्या आसपास देशी विमानतळ. नॉर्वेजियनला ऑस्लो किंवा लंडनहून न्यूयॉर्कचे विमान भरताना आजूबाजूच्या गावांतून प्रवासी गोळा करून आणणारी एवढी दाट व्यवस्था नव्हती. लेकरकडे तर ती मुळीच नव्हती. इंडिगोकडे ती आयती आहे. राजकोट, इंदूर, रायपूर, नागपूर, कोइम्बतूर येथून प्रत्येकी पाच-सात जण जरी मुंबईत आणून सोडले, तरी ३३८ आसनांचे विमान भरू शकते. खंडपार सेवेत नफा होतो तो बहुधा अशाच जोडणीतून.

आजवर ही जोडणी दुबई, दोहा आणि अबू धाबीने केली. एमिरेट्स १९८५ मध्ये जन्माला आली तेव्हाच्या तिच्या अगदी सुरुवातीच्या मार्गांत मुंबई होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढील चार दशकांत भारतातील दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील शहरांना युरोप-अमेरिकेशी जोडण्याचे काम आखाती कंपन्यांनी इतक्या चोखपणे केले, की अहमदाबादच्या किंवा कोचीच्या प्रवाशाला लंडनला जाताना दिल्ली वा मुंबई लागतच नाही. भारत आणि दुबई यांच्यातील करारानुसार २०१४ पासून प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मुभा आहे. एमिरेट्सला ती वाढवून हवी होती, २०२२ मध्ये तिने आणखी ५० हजार आसने मागितली. दिल्लीने दाद दिली नाही. आधी भारतीय कंपन्यांची रुंद विमाने येऊ द्या, असा सरकारचा एकूण सूर राहिला. संरक्षण म्हणा किंवा उद्योगधोरण म्हणा. इंडिगो आणि टाटांची एअर इंडिया या दोघींच्या खंडपार योजना या बंद दाराच्या आडोशाने वाढत आहेत. या आडोशाची किंमत प्रवासी मोजतो, हेही तितकेच खरे. दिवाळीत किंवा नाताळात लंडनचे तिकीट काढणाऱ्याला ती पुरेपूर जाणवते.

मार्गांच्या निवडीत मात्र इंडिगोने धूर्तपणा दाखविला. पहिला मुक्काम लंडन नव्हता. तेथे ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन आणि एअर इंडिया ठाण मांडून बसलेल्या आहेत. मँचेस्टर परिसरात दक्षिण आशियाई वस्ती मोठी, विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी भरपूर आणि मुंबईहून थेट सेवा कोणाचीच नाही. जेट एअरवेजने नोव्हेंबर २०१८ मध्ये ती सुरू केली होती, परंतु पाच महिन्यांनी जेटच उरली नाही. अ‍ॅमस्टरडॅमचीही तीच कथा. जेटने २००७ मध्ये ब्रुसेल्सला आपले युरोपीय ठाणे वसविले आणि मार्च २०१६ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला हलविले. तेथून पुढचे प्रवासी डेल्टा आणि केएलएमच्या विमानांनी जात. जून २०२५ मध्ये इंडिगोने याच डेल्टा आणि एअर फ्रान्स-केएलएमशी, शिवाय व्हर्जिन अटलांटिकशी सहकार्याचा करार जाहीर केला. जेटच्या पायवाटेवर गवत उगवण्याआधी कोणीतरी चालू लागले, एवढेच. लंडनचे हीथ्रो त्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये आले.

जेटचे नाव निघाले की मुंबईकरांच्या मनात चर्र होते आणि ते स्वाभाविक आहे. जेट बुडाली ती केवळ खंडपार सेवेमुळे नव्हे. सहारा एअरलाइन्सची महागडी खरेदी, कर्जाचा डोंगर, घरच्या मैदानात इंडिगोनेच पाडलेले दर, अशी कारणे अनेक होती. इंडिगोची तिजोरी त्या मानाने भक्कम आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिला सुमारे ७ हजार २५० कोटी रुपयांचा निव्वळ नफा झाला. नवा मार्ग जमेपर्यंत वर्ष-दोन वर्षे तोटा सोसण्याची ही ऐपत लेकर, वॉव किंवा जेट यांपैकी कोणाकडेही नव्हती.

परदेशी उड्डाणांत इंडिगोला आणखी एक लाभ दिसतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. विमान कंपनीचे उत्पन्न रुपयांत, पण विमानांचे भाडे, सुटे भाग आणि मोठी दुरुस्ती डॉलरमध्ये. रुपया घसरला की देशांतर्गत कंपनीचा नफा आपोआप आटतो. परदेशांत विकलेली तिकिटे पौंड आणि युरोमध्ये पैसे आणतात, तेवढी ढाल मिळते. शिवाय देशांतर्गत उड्डाणाच्या इंधनावर राज्ये मूल्यवर्धित कर घेतात, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तो लागत नाही. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २०२३ मध्ये २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. तरीही नागपूरला जाणारे विमान मुंबईत भरलेल्या इंधनावर कर देते आणि मँचेस्टरला जाणारे देत नाही.

आता अडचणींकडे. पहिली, विमाने भाड्याची असण्याची. या व्यवसायात केवळ विमान भाड्याने घेतले तर तो कोरडा करार, विमानासोबत वैमानिक, केबिन कर्मचारी, देखभाल आणि विमा सारे घेतले तर ओला. नॉर्सबरोबरचा करार या दोहोंच्या मधला म्हणून ‘दमट’ आहे. केबिन कर्मचारी प्रामुख्याने इंडिगोचे, बाकी बहुतेक नॉर्सचे. वेळ वाचविण्यास ही सोय उत्तम. पण आसनेही नॉर्सचीच मिळतात. पुढील ५६ ‘स्ट्रेच’ आसने पाठ बरीच मागे नेणारी आहेत, पलंगासारखी आडवी होणारी नाहीत. मुंबई-लंडन मार्गावर रात्री झोपून सकाळी बैठकीला जाणारा कंपनीखर्चाचा प्रवासी पलंग सोडून इकडे येणे कठीण. म्हणजे लेकरला न साधलेली गोष्ट, पुढच्या दालनातील कमाई, इंडिगोला ए-३५० येईपर्यंत पूर्णांशाने साधणार नाही. मागणी नोंदविताना ही विमाने २०२७ पासून मिळतील, असे सांगितले गेले होते. अलीकडच्या काळात एअरबस आणि बोइंग या दोघींनीही तारखा पाळण्याबाबत फारसा लौकिक मिळविलेला नाही.

भाड्याच्या विमानांना राजकारणाची झळ कशी लागते, याचा अनुभवही इंडिगोला आला. फेब्रुवारी २०२३ पासून दिल्ली आणि नंतर मुंबईहून इस्तंबूलला जाण्यासाठी तिने टर्किश एअरलाइन्सची दोन बोइंग ७७७ विमाने घेतली होती. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले आणि मे २०२५ मध्ये सरकारने या करारास तीनच महिन्यांची मुदतवाढ दिली. पुढे आणखी एकदा मुदत वाढली खरी; पण परदेशी राजधानीतील एका निवेदनावर आपले वेळापत्रक अवलंबून राहणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही.

आकाशाचेही तसेच. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोपला जाणारी विमाने वळसा घालून जाऊ लागली, इंधन आणि वेळ दोन्ही वाढले. मुंबईचे विमान मुळातच अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघते, त्यामुळे तिची झळ कमी. युरोपची पहिली थेट सेवा इंडिगोने दिल्लीऐवजी मुंबईहून सुरू केली, हे या परिस्थितीत तिच्या पथ्यावर पडले. परंतु मँचेस्टरच्या पहिल्या उड्डाणाच्या जेमतेम आठवडाभर आधी इस्रायल-इराण संघर्षात आखाताचे आकाशही काही तासांपुरते बंद झाले होते. पश्चिमेकडचा प्रत्येक मार्ग कुठल्या ना कुठल्या युद्धाच्या कडेने जातो, अशी आजची स्थिती.

सर्वांत गंभीर इशारा मात्र बाहेरून आला नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची व्यवस्था घरातच कोसळली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होणार हे बरेच आधी ठाऊक होते, तरी पुरेसे वैमानिक हाताशी ठेवले गेले नव्हते. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नसराईतले प्रवासी विमानतळांवर रात्रभर बसून राहिले, सामानाचे ढीग साचले, सरकारने नियमांत तात्पुरती सूट दिली आणि कंपनीला हिवाळी वेळापत्रकात दहा टक्के कपात करण्यास सांगितले. हे सारे देशांतर्गत सेवेत घडले म्हणून खंडपार योजनेशी त्याचा संबंध नाही, असे समजणे चूक ठरेल. नागपूर-मुंबई विमान रद्द झाले तर मुंबईला निघालेला प्रवासी रेल्वेने जाईल, फार तर एक दिवस हुकेल. त्याच विमानात बसून अ‍ॅमस्टरडॅममार्गे अटलांटाला निघालेल्या विद्यार्थ्याचे एकामागोमाग दोन विमाने हुकतात. त्याला हॉटेल, नवे तिकीट आणि युरोपच्या नियमांच्या कक्षेत येत असेल तर भरपाईही द्यावी लागते. जाळे हे बलस्थान असेल, तर त्याच जाळ्यातला एक धागा तुटला की दूरवरचा दुसरा धागाही ओढला जातो. काटकसरीने, मोजूनमापून मनुष्यबळ ठेवण्याची जी सवय इंडिगोच्या नफ्याचे मूळ आहे, ती जोडणीच्या व्यवसायात उलटू शकते. दुबईत आणि दोहात राखीव विमान आणि राखीव वैमानिक उभे असतात. तो खर्च उधळपट्टी म्हणून नव्हे, जोडणीचा विमा म्हणून केला जातो.

सारे दान रुंद विमानांवरच लावलेले नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. ए-३२१ एक्सएलआर हे अरुंद विमान सुमारे ८ हजार ७०० किलोमीटर उडू शकते. सामानाच्या कप्प्याचा काही भाग इंधनटाकीला देऊन त्याचा पल्ला वाढविलेला आहे. इंडिगोने अशा ६९ विमानांची मागणी नोंदविली आणि त्यांचा पहिला मुक्काम म्हणून ग्रीसची राजधानी अथेन्स निवडली. साडेतीनशे प्रवासी रोज मिळणार नाहीत, पण पावणेदोनशे मिळतील, अशा शहरांसाठी हे विमान बनले आहे. पुण्याच्या वाचकांना येथे लुफ्तान्साची आठवण येईल. २००८ मध्ये तिने पुण्याहून थेट फ्रँकफर्टला लहान विमान सुरू केले होते आणि त्यात सर्वच आसने बिझनेस क्लासची होती. चाकण-हिंजवडीच्या जर्मन कंपन्यांची मागणी खरी होती, तिला साजेसे विमान मात्र तेव्हा बाजारात नव्हते. आज ते आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाच्या मालकीची आणि तोकडी असल्याने पुण्याला त्याचा लाभ लगेच होईल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि विमानतळाचा प्रश्न तर मुंबईत अधिकच अवघड आहे. जोडणीचा व्यवसाय एका छपराखाली चालतो. दुबईत प्रवासी एका दारातून उतरतो आणि दीड तासाने त्याच इमारतीतल्या दुसऱ्या दारातून चढतो. मुंबईत सांताक्रूझच्या टर्मिनल एकवर उतरलेल्याला बसने सहारच्या टर्मिनल दोनला जावे लागते. धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. नव्या फेरीला जागा मिळविणे ही कसरत आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय झाली. मात्र देशांतर्गत विमान उलव्याला उतरणार असेल आणि युरोपचे सहारहून सुटणार असेल, तर मधली खाडी, टोलनाका आणि वाहतूक कोंडी धरून तीन तास हाताशी ठेवावे लागतील. रायपूरच्या प्रवाशाला त्यापेक्षा दुबई सोयीची वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. इंडिगो आपली देशी-विदेशी विमाने कोणत्या तीरावर एकत्र आणते, यावर मुंबई हे खंडपार प्रवासाचे केंद्र होणार की तो मान दिल्लीकडे जाणार, हे बरेचसे अवलंबून आहे. दिल्लीत तीन धावपट्ट्यांच्या जोडीला चौथी २०२३ मध्ये सुरू झाली. नवी मुंबईची दुसरी धावपट्टी अद्याप व्हायची आहे.